पारीच्या पायथ्याचे पाणी

गोंदिया, दि. ९ एप्रिल १९३६

परसरामजी यांसी,

आपणांस कोणत्या नात्याने नमस्कार लिहावा, याचा विचार करण्यात माझी सकाळ गेली. जिच्यामुळे आपण माझे मेहुणे झालात, ती आपली बहीण सुमित्रा गेल्या कार्तिकात विषमज्वराने गेली. तेराव्याच्या दिवशी आपल्या दोघांत जे बोलणे झाले, त्यानंतर आपला माझा पत्रव्यवहार नाही. तेव्हा नुसताच नमस्कार लिहितो. तो स्वीकारावा.

त्या दिवशी आपण शामकलेला बांधटोल्यास नेतो म्हणालात आणि मी नकार दिला. आपल्या गावी मुलींची शाळा नाही, हे माझे कारण होते व आजही आहे. तथापि, उन्हाळ्याची सुटी लागताच तिला काही दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावे, अशी विनंती करण्यास हे पत्र लिहीत आहे. मला नागपुरास जावे लागणार आहे. प्रकृतीची किरकोळ तक्रार आहे. तेथील डॉक्टरांना दाखवून परत येईन. काम थोडक्या दिवसांचे आहे. लांबलेच, तर तिचे नाव जवळच्या अर्जुनीच्या शाळेत घालता येईल काय, याची चौकशी आपण करून ठेवावी. शाळा मुलग्यांची असली तरी चालेल.

सुमित्रेची पेटी रेल्वेने पुढे पाठवीत आहे. तीत तिची लुगडी, नथ आणि चांदीचा करंडा आहे. शामकलेच्या वस्तू शामकला असेल तेथे असाव्यात, याहून निराळा हेतू नाही.

कुंदावहिनींस नमस्कार सांगावा.

आपला,
केशोराव


गोंदिया, दि. २४ एप्रिल १९३६

परसरामजी यांसी,

आपला गडी सुकराम काल पेटी परत घेऊन आला. पेटी ओसरीवर ठेवल्यावर मी पाणी पुढे केले, ते त्याने घेतले नाही. आधी निरोप, मग पाणी, असे म्हणाला आणि आढ्याकडे पाहत, पाठ केलेला धडा म्हणावा तसा आपला निरोप म्हणू लागला. तो येथे लिहितो, म्हणजे वाटेत त्यातले काही सांडले नाही, याची आपणांस खात्री पटेल.

"मालक म्हनाले, जवाईबुवाले सांग, नवी बायको आनून राहिले तं खुशाल आना, आमी कोन अडवनारे? पन पोरगी आनि पेटी एकदमच कायले घराबाहेर काढता? पोरीले पाठवा, आमी वाढवू. पेटी मातर तुमीच ठेवा. सुमित्राची लुगडी नवीच्या अंगावर कशी दिसतात, ते तरी पाहा."

मग पाणी पिऊन तो स्वतःच्या वतीने म्हणाला, "मास्तर, मी निस्ता सांगून राहिलो. माह्यावर रागावू नका."

मी रागावलो नाही. मला हसू आले. सुमित्रा गेल्यापासून प्रथमच आले. हसताना डाव्या कुशीत ओढ बसली आणि ते थांबले.

आपली समजूत चुकीची आहे, पण वावगी नाही. विधुराच्या घरून मुले आणि पहिलीची पेटी एकदम निघाली, की पाठोपाठ बाशिंग येते, हे आपल्या समाजात कोणीही सांगेल. तेराव्याला जो मुलगी देत नव्हता, तोच ती देऊ लागला आणि कारण मात्र सांगेना. तेव्हा आपण जे कारण जवळ पडले होते ते उचललेत. आता खरे कारण लिहितो.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लघवीस पळसफुलांच्या पाण्याचा रंग आला. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांनी त्याच रंगाने मला भिजविले होते, म्हणून क्षणभर मला त्यात नवल वाटले नाही. नंतर ध्यानात आले, तो रंग मी प्यालो नव्हतो. दुखत काहीच नव्हते. येथील डॉक्टर घनश्यामबाबू आपण पाहिले आहेत. ते म्हणाले, "अरे मास्टरजी, पथरी होगी. जौ का पानी पीजिए और बच्चों को हिसाब जरा कम पढ़ाइए." मी जवाचे पाणी प्यालो. रंग गेला, आणि पुन्हा आला. या खेपेस घनश्यामबाबूंचा हात माझ्या डाव्या कुशीवर एका जागी थांबला आणि त्यांचे बोलणेही थांबले. त्यांना बोलायचे थांबलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

ईस्टरच्या सुटीत नागपुरास जाऊन आलो. नळीतून आत दिवा घालून पाहिले, क्ष-किरणांनी छायाचित्रे काढली. डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे. ती कर्करोगाची आहे.

शब्द लिहून झाला. तोंडाने मी तो अद्याप कोणापुढे उच्चारलेला नाही.

ते मूत्रपिंड काढून टाकावे लागेल. उजवे चांगले आहे आणि माणूस एकावर जगतो, असे तेथील सर्जन म्हणाले. मी त्यांना विचारले, "शेकडा किती वाचतात?" ते हात धूत होते. म्हणाले, "मास्तर, तुम्ही शेकडा येणार नाही, एकटे येणार. एकट्याचे प्रमाण काढता येत नाही, हे तुम्हीच वर्गात शिकवत असाल." मी शिकवतो. तरीही फळ्यासमोर उभा राहतो आणि हातातला खडू कोणत्या उदाहरणासाठी उचलला, ते आठवत नाही. मुले वाट पाहतात. त्यांना वाटते, मास्तर परीक्षा घेत आहेत.

मृत्यूची भीती मला वाटते, हे मान्य करतो. परंतु तिच्याखाली दुसरी एक भीती आहे आणि ती अधिक मोठी आहे. शामकला नऊ वर्षांची आहे. आईचे वर्षश्राद्ध झालेले नाही. मी परत आलो नाही, तर ती आपल्या घरी वाढेल, याविषयी मला शंका नाही. आपला निरोपच तसे सांगतो. शंका आहे ती पुढची. तिची शाळा तोडू नये. मॅट्रिक होईपर्यंत तिला शिकू द्यावे. बाराव्या-तेराव्या वर्षी तिचे लग्न उरकून टाकू नये. याचे उत्तर मला शस्त्रक्रियेपूर्वी हवे आहे. हो असो वा नाही असो, स्पष्ट हवे.

पेटी सध्या येथेच ठेवतो.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
केशोराव


नागपूर, दि. ११ मे १९३६

परसरामजी यांसी,

उद्या सकाळी मला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेणार आहेत. दुपारची वेळ आहे, वॉर्डात उन्हाने पडदे पांढरे झाले आहेत. परिचारिकेने लिहिण्यास परवानगी दिली आहे.

शामकलेला नेण्यास आपण स्वतः गोंदियास आलात, याबद्दल आभार मानण्याचे फलाटावर राहून गेले. तेथे जे बोलणे झाले, ते माझ्या मनातून जात नाही. छोट्या लाईनची गाडी लागली होती. शामकलेने मला विचारले, "बाबा, तुमी काऊन येऊन नाही राहिले?" आईची बोली तिच्या तोंडी आली की मी नेहमी तिला दुरुस्त करीत असे. त्या दिवशी केले नाही. नागपुरास शाळेचे काम आहे, असे मी सांगू लागलो आणि आपण मध्येच बोललात.

"शाळेचं काम गिम काही नाही, बाई. तुह्या बाच्या पोटात गाठ आहे. नागपूरचा डॉक्टर कापून काढनार आहे."

मला आपला अतिशय राग आला. इतके दिवस मी जे तिच्यापासून राखले होते, ते आपण हमालांच्या देखत सांगून टाकले. तिने आपल्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

"दुखते काय?"

"दुखते. मंग बरं होते."

"आनि बाबा मेले तं?"

"तं मी आहो."

ती गाडीत चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. तो मलाच लागला.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण दिले नाही. शाळेचे काय, मॅट्रिकचे काय, असे मी गाडी हलेपर्यंत विचारीत होतो. आपण पायरीवर उभे राहून म्हणालात, "आधी वापस या, मंग भांडू." हे उत्तर नव्हे, परसरामजी. मी येथे आपल्या होकाराशिवाय आलो आहे. शेजारच्या खाटेवरचा माणूस परवा त्याच खोलीत गेला आणि खाट अजून रिकामी आहे. कोणी काही सांगत नाही. त्याची वहाण खाटेखाली आहे. माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जाते.

क्लोरोफॉर्म देताना आकडे मोजावयास सांगतात, असे ऐकले. मी मोजीन. ज्या आकड्यावर थांबेन तो शेवटचा असू नये, एवढीच इच्छा आहे.

मी परत आलो नाही, तर हे पत्र म्हणजे माझी तीच विनंती पुन्हा केलेली आहे, असे समजावे.

केशोराव


गोंदिया, दि. २ ऑगस्ट १९३६

परसरामजी यांसी,

आज प्रथमच टेबलाशी बसून लिहीत आहे. व्रण भरला आहे. कुशीपासून पोटापर्यंत शिवण आहे. खोकताना ती हाताने धरावी लागते. डोळ्यांना दिसली तेवढी गाठ सगळी काढली, असे सर्जन म्हणाले. न दिसणाऱ्याविषयी ते काही बोलले नाहीत. पुढे कधी ती फुप्फुसांत किंवा हाडांत निघू शकते, म्हणून अधूनमधून तपासणीस यावे आणि लघवीचा रंग पाहत जावा, एवढी ताकीद दिली.

शामकलेचे पत्र आले. आपण ते वाचले नसणार, म्हणून त्यातला एक भाग उतरवून पाठवितो.

"बाबा, मी रोज सकाळी मामाजीसोबत पारीच्या पायथ्याशी जाते. तलावाची पार जुनी आहे आणि एका जागी झिरपते. मामाजी ते पाणी तांब्यात घेते. मग आम्ही थांबतो, पाणी निवळू देतो. नितळ असलं तर चांगलं. गढूळ असलं तर पाणी आतली माती घेऊन येऊन राहिलं, म्हणजे पार पोखरून राहिली. घरी आल्यावर आधी मामीले पाणी कसं आहे ते सांगायचं, मग दुसरं बोलायचं. खोटं सांगायचं नाही, कारण पारीच्या खाली सगळं गाव राहते. आई लहान होती तेव्हा आई पाहायची. आता मी पाहते. आज नितळ."

सुमित्रेने मला हे लग्नानंतर सांगितले होते. मी तेव्हा म्हणालो होतो, झिरपणारा बांध पाडून नवा का बांधत नाही? ती म्हणाली, "झिरपते म्हणून कोनी पार पाडते काय? पाहात राहायचं." मी इंजिनियरिंगचे एक पुस्तक तिला दाखविले. तिने त्यावर पोळपाट ठेवला.

आता मीही रोज सकाळी काचेचा पेला खिडकीत धरतो. निवळू देतो. उजेडाकडे पाहतो. रंग स्वच्छ दिसला तरी लगेच विश्वास बसत नाही. वाटते, उजेडच फसवीत असेल. पेला फिरवून पुन्हा पाहतो. मग दिवस माझा होतो, संध्याकाळपर्यंत. खोकला आला की फुप्फुसे आठवतात, आणि तो माझा राहत नाही. आपल्याकडे पाहून येणारास घरी सांगावयास कोणी असते. माझ्याकडे भिंत आहे. काल मी भिंतीस सांगितले.

दिवाळीनंतर शामकलेला परत पाठवावे, ही विनंती. अर्जुनीची शाळा तिला आवडली असे दिसते, पण येथील मुलींच्या शाळेत पुढचे वर्ग आहेत. आपण भांडू म्हणाला होतात. मी परत आलो आहे.

आपला,
केशोराव


गोंदिया, दि. १९ ऑगस्ट १९३७

परसरामजी,

आज नितळ नाही.

लालसर आहे. पळसाइतका नाही, फिकट आहे, परंतु आहे. तीनदा निवळू दिला.

दिवाळीनंतर शामकला परत आल्यापासून रोज सकाळी दाराबाहेरून विचारते, "बाबा, पाणी कसं आहे?" हे तिने आपल्या घरून आणले. मी आतून सांगतो, आणि मगच आमच्या घरात दुसरे बोलणे सुरू होते. आज तिने विचारले आणि मी म्हणालो, "नितळ."

आवाजावरून तिने ओळखले असावे. मग दप्तर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "मामाजी म्हनते, जो खोटं सांगते त्याले पारीवर येऊ द्यायचं नाही." ती माझ्याकडे न पाहता गेली.

मी शाळेत रजा कळविली आहे. घनश्यामबाबूंकडे जावयास हवे, पण अजून गेलो नाही. जोवर मी जात नाही तोवर ते फक्त माझे आहे. ते ऐकतील आणि त्यांचे बोलणे थांबेल, मग ते खरे होईल. सुमित्रेला शेवटच्या तापात मी सारखे सांगत होतो की ताप उतरत आहे. ती मान हलवीत असे. तिला माहीत होते काय, हा प्रश्न मला आजपर्यंत सुचला नव्हता.

मला भीती वाटते. याहून व्यवस्थित वाक्य मला आज लिहिता येत नाही.

पावसाळा आहे, आपणांस पारीपासून हलता येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही लिहितो. यावे.

केशोराव


गोंदिया, दि. १२ सप्टेंबर १९३७

परसरामजी यांसी सप्रेम नमस्कार.

हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

आपण गेल्यापासून घर शांत आहे. आपण आलात त्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि शामकला शाळेतून येताना ओसरीवरचे पायांचे ठसे पाहूनच ओरडली, "मामाजी." आपण तिला पाणीही न पिता सांगितले, "तुह्या बानं तुले खोटं सांगतलं. गढूळ होतं." आणि मला म्हणालात, "तिले आता तुमी सांगा. पुरं सांगा." मी सांगितले. तो शब्द मी माझ्या मुलीपुढे प्रथमच उच्चारला. तिने विचारले, "मंग आता पाहात राहायचं?" मी हो म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "मंग तसंच सांगायचं ना." आपण हसलात. मला तेव्हा हसणे जमले नाही. आता लिहिताना जमते.

नागपुरास आपण तिघे गेलो, त्याविषयी सर्जनांचे लेखी मत आता आले आहे, ते कळविणे माझे कर्तव्य आहे. उरलेले मूत्रपिंड स्वच्छ आहे, मूत्राशय स्वच्छ आहे. रक्त कशाचे, हे त्यांना निश्चित सांगता येत नाही. बारीक खडा उतरला असावा, असा त्यांचा तर्क आहे. फुप्फुसांच्या छायाचित्रात आज काही नाही. "आज" हा त्यांचाच शब्द आहे. दिवाळीनंतर पुन्हा बोलाविले आहे. रोग गेला, असे त्यांनी लिहिलेले नाही. तो आला, असेही नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, तेथे मला राहावयाचे आहे, आणि मी पाहिले की तेथे शाळेत जाता येते, वरणाला फोडणी देता येते, आणि मुलीच्या वह्या तपासता येतात. भीती तेथे आहेच. ती रोज सकाळी माझ्याआधी उठते.

गाडीत आपण जो वाद उकरून काढलात, त्याविषयी. शामकला खिडकीशी झोपली होती आणि आपण म्हणालात, "आता वापस आले ना? आता भांडू." मग आपण भांडलात, डब्यातली सगळी माणसे ऐकत होती. एक म्हातारा तर आपल्या बाजूने बोलू लागला, तेव्हा आपण त्यालाच दटावलेत, "बाबाजी, तुमी गप बसा. आमच्या घरचं आहे." शेवटी जे ठरले ते मी येथे लिहून ठेवतो, पुढे दोघांपैकी कोणी फिरू नये म्हणून. शामकला मॅट्रिक होईल. मी असलो तरी आणि नसलो तरी. तोवर तिच्या लग्नाची गोष्ट कोणी काढणार नाही, कुंदावहिनीसुद्धा. मोबदल्यात दरवर्षी भात लावणीच्या दिवसांत ती बांधटोल्यास येईल, आणि तेव्हा तिची बोली मी दुरुस्त करणार नाही. शेवटचे कलम आपण घातलेत. मला ते मान्य आहे.

सुमित्रेची पेटी सुकरामच्या हाती पाठवीत आहे. या खेपेस परत करू नये. कुंदावहिनींनी ती उघडून लुगड्यांना ऊन द्यावे, येथे कसर लागते. एवढेच कारण आहे.

आणखी एक. आपण येथे होता त्या दिवसांत तिकडे जोराचा पाऊस झाला. पारीच्या पायथ्याचे पाणी कोणी पाहिले, हे विचारण्याचे मला सुचले नाही. माझ्या पेल्यापलीकडे मला काही दिसत नव्हते. सुकरामकडून कळले की कुंदावहिनी रोज तांब्या घेऊन गेल्या आणि सांगावयास घरात कोणी नव्हते, म्हणून गोठ्यातल्या बैलांना सांगून आल्या. त्यांना माझा नमस्कार सांगावा. मीही काही दिवस भिंतीस सांगत होतो, हे त्यांना कळवावे.

आज सकाळी शामकलेने दाराबाहेरून विचारले. मी म्हणालो, "थांब, निवळू दे." तिला शाळेस उशीर होत होता, तरी ती थांबली. मी पेला उजेडात धरला. फिरवून दुसऱ्यांदा पाहण्याचा मोह झाला, तो आवरला.

आमच्याकडे आज नितळ. तिकडचे जसे असेल तसे कळवावे.

आपला मेहुणा,
केशोराव